शर्यतीचे चाक आणि कामाची वाट



आपल्या घरांत सायकल ही कमावत्या माणसासारखी राहिली आहे. पंखा, टीव्ही, फ्रिज या वस्तू नंतर आल्या. सायकल त्यांच्या आधी आली आणि तिच्यावरून मिळकत घरात आली. पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, मुंबईचा डबेवाला, बांधकामावर जाणारा गवंडी, कॉलेजला जाणारी मुलगी, ही सारी सायकलवरची माणसे. २०११ च्या जनगणनेत, शेती व घरगुती उद्योग सोडून अन्य काम करणाऱ्यांत सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जातात असे दिसून आले. म्हणून सायकलीविषयी लिहिणे म्हणजे किरकोळ विषयावर जागा घालवणे, असे आम्ही मानीत नाही.

या आठवड्यात आम्ही चाकाविषयी लिहीत आहोत. निमित्त एका भगिनीच्या पत्राचे. औद्योगिक वसाहतीजवळच्या वस्तीतल्या या आयुष्मती लिहितात की त्यांचे चिरंजीव तेवीस वर्षांचे, एका इंजिनिअरिंग कंपनीत कंत्राटी कामाला. घरापासून कंपनी नऊ कि.मी. मुलाने जुनी गिअरची सायकल घेतली आहे आणि तिच्यावरूनच तो पाळीला जातो. आता त्याला तिला शर्यतीची चाके बसवायची आहेत. कार्बनची, वजनाला हलकी, दिसायला देखणी. ओळखीतला एक जण वापरलेली जोडी साठ हजारांत देतो म्हणतो. मुलाचा पगार पंधरा हजार. पस्तीस हजार त्याने साठवले आहेत, बाकीचे हप्त्याने फेडू म्हणतो. वडील म्हणाले, "असली थेरं आपल्याला शोभत नाहीत." तेव्हापासून बाप-लेकांचे बोलणे बंद आहे. ताई विचारतात, "चाक चांगले की वाईट, तेवढे सांगा. आणि मुलाचे मन कसे राखावे, तेही सांगा."

दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यांतला मनाचा प्रश्न आम्ही आधी घेतो.

'शोभत नाही' हा शब्द

मुलाचे वडील काळजीपोटी बोलले हे आम्हांस कळते. चार महिन्यांचा पगार दोन चाकांत जातो म्हटल्यावर कोणत्याही बापाचा जीव वरखाली होईल. परंतु त्यांचा शब्द आम्हांस मान्य नाही. अंगावर चांगले कापड घातले, पायात चांगले पायताण घातले, एवढ्यावरून ज्यांच्या आज्या-पणज्यांनी बोल आणि मार खाल्ला, त्यांच्या घरात "आपल्याला शोभत नाही" हे वाक्य बापाने मुलाला ऐकवू नये. ते वाक्य बाहेरच्यांनी आपल्याला पुष्कळ ऐकवून झाले आहे. उंची वस्तू आवडणे हा गुन्हा नव्हे. कष्टाच्या पैशाने ती घेण्याचा हक्क या मुलाला तितकाच आहे, जितका मोटारीतून सायकल घेऊन फिरायला जाणाऱ्या श्रीमंताच्या मुलाला आहे.

तेव्हा प्रश्न शोभण्याचा ठेवू नये. प्रश्न असा विचारावा: हे चाक कोणत्या कामासाठी बनले, आणि आपले काम कोणते? या प्रश्नाला उत्तर मिळते, आणि त्या उत्तरात कुणाचा अपमान होत नाही.

चाक भार कसे पेलते

बैलगाडीच्या चाकाचे आरे लाकडाचे आणि जाड असतात. गाडीचा भार खालच्या आऱ्यावर दाबून बसतो. सायकलचे चाक वेगळ्या युक्तीचे आहे. त्याच्या बारीक तारा, म्हणजे स्पोक, दाबाने नव्हे तर ताणाने काम करतात. प्रत्येक तार हब आणि रिम यांच्यामध्ये सतारीच्या तारेसारखी खेचून बसवलेली असते. साऱ्या तारा मिळून रिमला चारही बाजूंनी सारखे ओढून धरतात, म्हणून एवढे हलके चाक माणसाचे वजन पेलते. तारा हबला तिरप्या लावण्याची पद्धत इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरातल्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली आणली. हे स्टार्ली शेतकऱ्याच्या घरचे. आधी माळीकाम केलेले, मग शिवणयंत्रांच्या कामात हात बसलेले. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथे जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. चाक हलके व्हावे आणि धक्के कमी बसावेत, ही धडपड अशी जुनी आहे.

आपल्या काळ्या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात. मागे जास्त, कारण बसणाऱ्याचा भार मागे अधिक, आणि कॅरियरवर पिठाचा डबा, पोर किंवा गॅसची टाकी येते ती वेगळीच. भरलेल्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि पत्र्यासह तिचे वजन तीस किलोच्या आसपास जाते. चाळीस तारांत हा भार वाटला जातो. एखादी तार तुटली तरी बाकीच्या सांभाळून घेतात. चाक थोडे आऊट होते, माणूस घरी पोचतो, संध्याकाळी मिस्त्री काही रुपयांत नवी तार घालून आऊट काढून देतो.

शर्यतीच्या चाकाला वीस-चोवीस तारा असतात, पुढच्याला कधी त्याहूनही कमी. वाऱ्याला कापण्यासाठी त्या चपट्या केलेल्या असतात. तारा थोड्या म्हणून प्रत्येकीवर ताण जास्त. त्यांतली एक तुटली की रिम एकदम एका बाजूला ओढली जाते, ब्रेकला किंवा चिमट्याला घासते, आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तशी चपटी तार, त्याच लांबीची, आपल्या नाक्यावरच्या दुकानात मिळत नाही. ती मागवावी लागते, आणि ती येईपर्यंत कामावर जायचे कसे?

शर्यतीच्या चाकामागे मोटार असते

टीव्हीवर किंवा फोनवर मोठ्या सायकल शर्यती पाहणाऱ्या मुलांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सायकलस्वारांच्या घोळक्यामागे मोटारी चालतात. त्यांच्या टपावर जादा सायकली आणि चाके लावलेली असतात. स्वाराचे चाक बिघडले की तो हात वर करतो, मोटारीतून मिस्त्री उतरतो, चाक बदलतो आणि पाठीला रेटा देऊन स्वाराला पुढे सोडतो. सारे काही क्षणांत. शर्यत संपली की रात्री ती चाके तपासली जातात आणि शंका आली की बाजूला काढली जातात. त्या चाकाकडून मागणी एकच असते: आज वेगाने पळ. उद्याची काळजी दुसरे कोणी घेते.

आपला मुलगा पहाटे साडेपाचला औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर निघतो तेव्हा त्याच्या मागे अशी मोटार नसते. त्या वेळी पंक्चरवाल्याचे दुकानही उघडलेले नसते. चाक बसले तर पाळी हुकते, अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते, आणि कंत्राटी कामगाराच्या नावापुढे मुकादमाच्या वहीत खूण होते. रोजच्या चाकाकडून म्हणून आपली मागणी निराळी आहे. त्याने रोज पोचवले पाहिजे, आणि बिघडलेच तर नाक्यावरच्या मिस्त्रीच्या हाताने दुरुस्त झाले पाहिजे.

खुद्द शर्यतीचे लोकसुद्धा रस्ता पाहून चाक निवडतात. उत्तर फ्रान्समध्ये पॅरिस-रुबे नावाची शर्यत १८९६ पासून होते. तिच्या वाटेत पन्नास कि.मी.हून अधिक रस्ता ओबडधोबड दगड बसवलेला आहे. इतर शर्यतींत कार्बनची चाके रूढ झाली तरी या एका शर्यतीत स्वार पुष्कळ वर्षे ३२ तारांची साधी ॲल्युमिनियमची चाके घालून उतरत. २०१० साली स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्सेलारा याने कार्बनच्या चाकांवर ही शर्यत जिंकली आणि पुढे बाकीचेही तिकडे वळले. तरी टायर मात्र तेथे नेहमीपेक्षा रुंदच घालतात. ज्यांना चाके फुकट मिळतात आणि ज्यांच्या मागे मोटार असते, ते लोक दगडी रस्त्याचा एवढा विचार करतात. मग खड्ड्यांतून रोज जाणाऱ्याने का करू नये?

वजनाचा आणि वेळेचा हिशेब

आता हलकेपणाने मिळते काय ते पाहू. कार्बनच्या चाकांची जोडी टायर सोडून साधारण दीड किलोची. साधी, चांगली ॲल्युमिनियमची जोडी दोन ते सव्वादोन किलोची. फरक अर्धा ते पाऊण किलोचा, म्हणजे एका लहान पाण्याच्या बाटलीएवढा. मुलगा साठ किलोचा, सायकल तेरा-चौदा किलोची, पाठीवर डबा, पाणी आणि कपडे मिळून पाच किलो. एकूण ऐंशी किलोच्या घरात. त्यात पाऊण किलो म्हणजे शंभरात एकही नाही.

काही मुले म्हणतील, "फिरणारे वजन दुप्पट लागते." यात तथ्य आहे, पण अर्धवट. वेग घेताना रिमचे वजन जवळपास दुप्पट मोजले जाते. एकदा वेग धरला की तो फरक उरत नाही, आणि चढावर तर किलो तो किलोच. थांबून पुन्हा निघताना चाक चपळ वाटते, त्याची मौज वाटते, ही गोष्ट खरी. ती मौज आम्ही खोटी म्हणणार नाही. पण घड्याळात ती फारशी दिसत नाही.

उरला वारा. शर्यतीचे उंच काठाचे चाक वाऱ्याला कमी अडते. पण वाऱ्याचा विरोध वेगाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट, तिप्पट झाला की नऊपट. इटलीच्या फिलिप्पो गान्ना याने ८ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधील बंदिस्त धावपट्टीवर एका तासात ५६.७९२ कि.मी. अंतर कापले. असल्या वेगात वारा हाच मोठा शत्रू असतो आणि चाकाच्या आकाराने फरक पडतो. आपला मुलगा डबा घेऊन, वाहनांतून वाट काढीत ताशी सतरा-अठरा कि.मी.ने जातो. नऊ कि.मी.ला त्याला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात या चाकांनी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वाचेल असे आम्हांस वाटत नाही. एका लाल दिव्यापुढे याहून अधिक वेळ जातो. उलट टायरमध्ये हवा कमी असेल आणि चैन कोरडी असेल, तर जी ताकद वाया जाते ती पायांना लगेच कळते. हवा आणि तेल यांना साठ हजार लागत नाहीत.

आपले रस्ते आणि आपला पाऊस

शर्यतीच्या चाकावर टायर अरुंद असतो. पूर्वी २३ मि.मी.चा असे, अलीकडे शर्यतवालेही २८ मि.मी. आणि त्याहून रुंद टायर वापरू लागले आहेत, कारण खडबडीत रस्त्यावर रुंद टायर धक्के गिळतो आणि त्यामुळे तो मागे पडत नाही हे त्यांच्याही ध्यानात आले. अरुंद टायरमध्ये हवा पुष्कळ ठासावी लागते, ८० ते १०० पौंड. ती कमी पडली आणि चाक खड्ड्यात आपटले की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटते व तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात, साप डसल्यासारखी. शिवाय या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, निराळ्या घडणीचा असतो. पेट्रोल पंपावरची हवेची नळी त्याला जोड-तुकड्याशिवाय बसत नाही. रस्त्यात ट्यूब गेली तर तशी ट्यूब कोपऱ्यावरच्या दुकानात असेलच असेही नाही.

कार्बन हा पदार्थ मजबूत आहे, यात वाद नाही. विमानांत वापरतात. पण तो मोडतो तो निराळ्या रीतीने. पोलाद किंवा ॲल्युमिनियमची रिम आपटली तर वाकते. वाकलेली दिसते, मिस्त्री ठोकून-ओढून कामचलाऊ करतो. कार्बन वाकत नाही. तो तडकतो, आणि तडा कधी कधी आतल्या थरांत राहून बाहेरून दिसतही नाही. म्हणूनच वापरलेली कार्बनची चाके बिनपावतीची, ओळखीपाळखीवर घेणे आम्हांस धोक्याचे वाटते. विकणारा खोटे बोलत नसेलही. पण ते चाक मागच्या मालकाने कोणत्या खड्ड्यात घातले, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल. तडकलेली पुढची रिम उतारावर बसली तर नुकसान साठ हजारांचे राहत नाही. ते दात, जबडा आणि हाताच्या हाडांचे होते.

मग ब्रेक. ज्या सायकलचे ब्रेकचे रबर रिमवर दाबते, तिची रिम प्रत्येक वेळी थोडी झिजते. पावसाळ्यात चिखल आणि वाळूचे कण रबरात अडकतात आणि रिमला कानशीसारखे घासतात. ॲल्युमिनियमची रिम झिजली तर थोड्या पैशात बदलता येते. महागडी रिम झिजली तर सारे चाक गेले. कार्बनच्या रिमला तर रबरही वेगळे लागते, आणि पाण्यात भिजल्यावर अनेक कार्बन रिमांवर ब्रेक उशिरा धरतो. मोठ्या घाटाच्या उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर ती तापून बिघडूही शकते. डिस्क ब्रेकच्या सायकलला हा त्रास नाही, पण तिला त्याच पद्धतीचे हब लागते. एका सायकलचे चाक दुसरीला बसतेच असे नाही, हेही घेण्याआधी पाहावे. आपल्या जुन्या काळ्या सायकलला तर ही चाके बसतच नाहीत. मापही वेगळे आणि ब्रेकही वेगळा.

चोरीचा विचार तर कोणी करीतच नाही. बहुतेक शर्यतीची चाके एका खिट्टीने उघडतात. स्वाराला सोयीचे आणि चोरालाही. कंपनीच्या सायकल स्टँडवर, जिथे आठ तास कोणी पाहत नाही, तिथे साठ हजारांची जोडी ठेवून मुलाचे लक्ष मशीनवर राहील काय? त्याचे बोट मशीनमध्ये जाऊ नये असे आम्हांस वाटते.

जड सायकल ही गरिबीची खूण नव्हे

येथे कोणी म्हणेल, "म्हणजे गरिबाने जडच सायकल ओढायची." तसे मुळीच नाही. नेदरलँड्स, ज्याला आपण हॉलंड म्हणतो, तो श्रीमंत देश आहे. तेथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. शिक्षक, डॉक्टर, मंत्री सायकलने कामावर जातात. त्यांची रोजची सायकल कशी असते? पुष्कळांची काळी, उभी बसायची, अठरा-वीस किलोची. चैनवर पूर्ण झाकण, दोन्ही मडगार्ड, कॅरियर, स्टँड, दिवा, आणि मागच्या चाकाला घोड्याच्या नालेसारखे कुलूप. म्हणजे जवळजवळ आपली जुनी सायकलच. त्यांना कार्बनची चाके परवडत नाहीत म्हणून असे नव्हे. शर्यतीची सायकल त्यांच्यातल्या हौशी लोकांकडे असते, ती ते सुट्टीच्या दिवशी बाहेर काढतात. कामाला जायची सायकल वेगळी, कारण पावसात, अंधारात, बाजारहाट घेऊन, वर्षानुवर्षे तिने न कुरकुरता चालायचे असते.

ही गोष्ट मुलाच्या वडिलांनीही ऐकावी आणि मुलानेही. साध्या, भक्कम चाकावर बसून कामाला जाणारा माणूस काही कमी नसतो. त्याने कामाला जोगे हत्यार निवडलेले असते. आपला कामगार फिटर असेल तर त्याला हे सांगायला नको. नाजूक मोजपट्टीने कोणी खिळा ठोकीत नाही, आणि म्हणून मोजपट्टी वाईट ठरत नाही.

मग घ्यावे काय?

मुलाला नुसते "नाही" म्हणणे आम्हांस पसंत नाही. त्याची जुनी चाके खराब झाली असतील तर त्याने चांगली नवी चाके जरूर घ्यावीत. दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियमची रिम, पुढे-मागे ३२ किंवा ३६ तारा, तारा स्टेनलेस स्टीलच्या म्हणजे पावसात गंजणार नाहीत, हब सीलबंद बेअरिंगचे म्हणजे चिखल आत जाणार नाही. टायर फ्रेममध्ये मावेल तितका रुंद, ३२ ते ४० मि.मी.चा, आणि काच-खिळ्यापासून बचाव करणारा जाड पट्टा आत असलेला. ही जोडी जाणत्या मिस्त्रीकडून हाताने विणून घ्यावी. होय, चाक विणणे हीसुद्धा कलाच आहे. तारांचा ताण सारखा ठेवणारा मिस्त्री सापडला तर त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. दोन-तीनशे कि.मी. चालल्यावर चाके त्याच्याकडे पुन्हा न्यावीत, म्हणजे सैल झालेल्या तारा तो ओढून देईल. हे सारे टायरसह दहा हजारांच्या आत बसू शकते. अशी जोडी देखणीही दिसते, आणि नाक्यावरच्या कोणत्याही दुकानात दुरुस्त होते.

राहिलेल्या पैशांतून चांगला दिवा पुढे, लाल दिवा मागे, डोक्याला हेल्मेट आणि भक्कम कुलूप घ्यावे. पहाटे ट्रकच्या ड्रायव्हरला मुलगा दिसणे, याला कोणत्याही चाकापेक्षा आम्ही जास्त किंमत देतो. आणि तरीही जे शिल्लक राहील ते बँकेत राहू द्यावे. कंत्राट संपले तर पगार थांबतो, हप्ता थांबत नाही. पस्तीस हजार रुपये ज्या मुलाने पंधरा हजारांच्या पगारातून साठवले, तो मुलगा उधळ्या नाही. हे त्याच्या आईने त्याच्या वडिलांना जरूर सांगावे.

हौसेचे काय?

आता शेवटचा आणि नाजूक भाग. मुलाला ही चाके का हवी आहेत? मित्रांना दाखवण्यासाठी असतील तर ती हौस चार महिन्यांत फिटेल, आणि हप्ते मागे राहतील. पण त्याच्या मनात शर्यत असेल तर? मुंबई-पुणे शर्यत आपल्या लोकांना नवी नाही. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेले पुष्कळांनी पाहिले आहे. या मुलाला तेथे उतरायचे असेल तर घरच्यांनी त्याला अडवू नये, पाठबळ द्यावे.

मात्र सुरुवात पायांपासून करावी. रोजचे अठरा कि.मी. हा फुकटचा सराव आहे. भक्कम चाकावर तो करावा. सुट्टीच्या दिवशी पहाटे लांब पल्ला मारावा, एखाद्या सायकल गटाबरोबर घोळक्यात चालवायला शिकावे, लहान स्थानिक शर्यतींत भाग घ्यावा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे २००० सालापासून शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. म्हणजे हलकेपणाला तेथेही मर्यादा आहे. दमाला मात्र कोणी मर्यादा घातलेली नाही. वर्षभर असे करून मुलगा टिकला, आणि चाकामुळे आपण मागे पडतो असे त्याच्या अनुभवास आले, तर त्याने शर्यतीची चाके जरूर घ्यावीत. नवी, पावतीची, रोख पैशांची. ती भिंतीला टांगून ठेवावीत आणि शर्यतीच्या दिवशी काढावीत. त्या वेळी कोणी "शोभत नाही" म्हणाले तर त्यांच्याशी आम्ही भांडू.

तोपर्यंत ताईंनी एवढे करावे. बाप-लेकांना एका रविवारी सायकलच्या दुकानात एकत्र पाठवावे. वडिलांनी आयुष्यभर सायकल चालवली असेल, त्यांना चाक हाताने फिरवून आऊट ओळखता येत असेल. मुलाला फोनवरून नव्या वस्तूंची माहिती आहे. दोघांनी मिळून रिम निवडावी, तारा मोजाव्यात, भाव करावा. वडिलांनी "नको" म्हणण्याऐवजी "चल, बघू या" म्हणावे. मुलानेही "पैसे माझे आहेत" हे वाक्य एक दिवस घरी ठेवावे. बोलणे सुरू व्हायला एवढे पुरेसे आहे.

इतर वाचकांसाठीही थोडे. दर रविवारी पाच मिनिटे सायकलला द्या. चाक उचलून फिरवा, ते ब्रेकला कुठे घासते का पाहा. तारांवरून बोट फिरवा, एखादी सैल असेल तर तिचा आवाज वेगळा येतो. अंगठ्याने टायर दाबा. ब्रेकच्या रबरातले खडे काढा. रिमच्या कडेला बोट लावून खोलगट झिजली का ते बघा. चैन पुसून तेलाचे थेंब सोडा आणि जादा तेल पुसून घ्या. पावसात भिजून आलेली सायकल फडक्याने कोरडी करा, पाण्याचा जोरदार फवारा हबवर मारू नका. एवढे केलेले साधे चाक वर्षानुवर्षे पाळीला वेळेवर पोचवते.

तूर्त इतकेच.